ब्रोकोली चिरून थोडा वेळ तशीच ठेवायची, ती का?

प्रश्न : माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार झाले, ती बरी आहे. तेव्हापासून आमच्या घरी ब्रोकोली नेमाने येते. तिच्यात 'सल्फोराफेन' नावाचं कॅन्सर रोखणारं द्रव्य असतं म्हणतात. कुणी सांगतं, भाजी शिजवली की ते संपतं. माझी नणंद सांगते, चिरून अर्धा तास ठेवली तर ते वाढतं. भाजी चिरून ठेवली की तिच्यातला कस जातो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग हे वाढतं कसं? आणि आपल्या कोबी-फ्लॉवर-मुळ्यात ते असतं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : नणंदेचं बरोबर आहे. चिरून ठेवलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, हेही खरं. पण ब्रोकोलीत त्याच वेळात एक नवं द्रव्य तयार होत असतं, आणि तेच तुमच्या प्रश्नातलं सल्फोराफेन.

अख्ख्या, धक्का न लागलेल्या ब्रोकोलीत सल्फोराफेन जवळजवळ नसतंच. तिच्या पेशींत साठवलेलं असतं ते ग्लुकोराफॅनिन. साखरेचा रेणू आणि गंधक जोडलेलं हे द्रव्य एरवी निरुपद्रवी असतं. त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच भाजीत पण वेगळं साठवलेलं असतं. त्याचं नाव मायरोसिनेज. झाड धडधाकट असेपर्यंत या दोघांची गाठ पडत नाही. सुरी लागली, दात लागले किंवा अळीने कुरतडलं की पेशी फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. विकर साखर तोडून बाजूला काढतं, उरलेला भाग आपोआप आपली रचना बदलतो आणि सल्फोराफेन होतो. हे सगळं ओलाव्यात, साध्या हवेच्या तापमानाला घडतं आणि त्याला थोडा अवधी लागतो. चिरून ठेवायचं ते एवढ्याचसाठी.

हीच क्रिया आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मोहरीचा सुका दाणा नुसता हुंगला तर वास येत नाही. तीच मोहरी थोड्या पाण्यात फेसली की डोळ्यांत पाणी येतं आणि झिणझिणी थेट मस्तकात जाते. मोहरीत ग्लुकोराफॅनिनच्या जागी सिनिग्रिन असतं आणि त्यापासून अलाइल आयसोथायोसायनेट नावाचं तिखट द्रव्य बनतं. विकर मात्र तेच, मायरोसिनेज. पाणी आणि घोटणं, दोन्ही मिळाल्याशिवाय मोहरी 'चढत' नाही, हे काकडीच्या किंवा केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, सलगम, अळीव, मोहरी आणि ब्रोकोली ही सगळी एकाच कुळातली. या कुळातल्या फुलांना समोरासमोर मांडलेल्या चार पाकळ्या असतात. त्या सगळ्यांकडे या ना त्या प्रकारची गंधकयुक्त द्रव्यं आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज असतं.

झाडाने हे आपल्यासाठी केलेलं नाही. ही किडीविरुद्धची तटबंदी आहे. बहुतेक अळ्यांना हे तिखट रसायन सोसत नाही. कोबी लावणाऱ्या शेतकऱ्यांचा जुना शत्रू असलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने मात्र यावर तोड काढली. त्याच्या अळीच्या पोटात एक वेगळंच विकर असतं. ते मायरोसिनेज पोहोचण्याआधीच या द्रव्याचा सल्फेटचा तुकडा काढून टाकतं, आणि मग तिखटपणा तयारच होत नाही. उलट हाच वास त्या पतंगाला अंडी घालायला बोलावतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने याचाच उपयोग करून कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावण्याची शिफारस केली. पतंग मोहरीवर जातो आणि कोबी वाचतो. आपल्याकडचे शेतकरी सापळा पीक म्हणून मोहरी लावतात, त्यामागे हेच रसायन आहे.

आता कर्करोगाकडे येऊ. ही कथा अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली आहे. पॉल तलालाय यांचा जन्म बर्लिनचा, १९२३ मधला. नाझींच्या काळात त्यांच्या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली. पुढे औषधशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी धरलेला प्रश्न त्या काळी वेगळा होता. कर्करोग झाल्यावर त्याला मारायचं कसं, यावर हजारो लोक काम करत होते. तलालाय विचारत होते की शरीरात शिरलेली कर्करोगकारक रसायनं निकामी करून बाहेर टाकण्याची जी यंत्रणा आपल्या पेशींत आधीपासून आहे, ती आहारातून जास्त कामाला लावता येईल का?

त्यांच्या प्रयोगशाळेत हान्स प्रोचास्का यांनी उंदराच्या यकृतातल्या पेशी वापरून एक सोपी चाचणी बसवली. लहान लहान खळगे असलेल्या तबकडीत पेशी वाढवायच्या, त्यांत एकेका भाजीचा अर्क घालायचा आणि संरक्षक विकर किती वाढलं ते रंगावरून मोजायचं. अनेक भाज्या तपासल्यावर ब्रोकोलीचा अर्क ठळकपणे पुढे आला. त्या अर्कातून नेमकं द्रव्य वेगळं काढण्याचं काम युएशेंग झांग आणि सहकाऱ्यांनी केलं, आणि १९९२ मध्ये सल्फोराफेन हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. रेणू म्हणून ते नवं नव्हतं. १९४८ मध्येच ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं होतं आणि नंतर काही रानवनस्पतींतही सापडलं होतं. नवा होता तो त्याचा गुण. १९९४ मध्ये याच गटाने उंदरांवर प्रयोग केला. स्तनात गाठी उठवणारं रसायन देण्याच्या सुमारास काही दिवस सल्फोराफेन दिलेल्या उंदरांत गाठींचं प्रमाण स्पष्टपणे कमी राहिलं, आणि ज्यांना गाठी आल्या त्यांनाही त्या कमी आणि उशिरा आल्या. १९९७ मध्ये जेड फाही यांच्यासह केलेल्या कामात दिसलं की बी रुजून तीन दिवस झालेल्या ब्रोकोलीच्या कोंबांत मोठ्या गड्ड्याच्या १० ते १०० पट द्रव्य असू शकतं. त्याच वर्षी हे कोंब बाजारात आणण्यासाठी तलालाय यांनी एक कंपनीही उभी केली. या विषयावरचे दावे वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं, म्हणून सांगितलं.

सल्फोराफेन शरीरात करतं काय? बरेच लोक त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. त्याचं काम मात्र क जीवनसत्त्वासारखं नाही. क जीवनसत्त्वाचा रेणू घातक रेणूशी भिडतो आणि खर्ची पडतो. सल्फोराफेन स्वतः भिडत नाही, ते पेशीला तयार करतं. आपल्या पेशींत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं आणि कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून लगेच नष्ट होण्यासाठी पाठवत असतं. ही जोडी उलगडण्यात जपानचे मासायुकी यामामोतो यांचा मोठा वाटा आहे. सल्फोराफेन कीप-१ वरच्या गंधक असलेल्या जागांना चिकटतं. मग कीप-१ ला आपलं काम करता येत नाही, एनआरएफ-२ मोकळं सुटतं, पेशीकेंद्रकात जातं आणि कित्येक संरक्षक जनुकं एकदम चालू करतं. त्यांतून बनणारी विकरं परक्या रसायनांना ग्लुटाथायोनसारखे तुकडे जोडून पाण्यात विरघळणारं करतात, म्हणजे ती लघवीवाटे निघून जातात. सल्फोराफेन स्वतः एका दिवसात शरीराबाहेर जातं, पण त्याने वाढवलेली विकरं त्यानंतरही काही काळ काम करत राहतात. मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा शोध हाच वाटतो. भाजीतलं एक बोचरं द्रव्य पेशीला किंचित डिवचतं आणि पेशी स्वतःचं रक्षण वाढवते, असा एक मार्ग आपल्याला त्यामुळे कळला.

इथपर्यंतचं पक्कं आहे. यापुढे सावकाश जावं लागेल, कारण उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा.

माणसांवरची सर्वांत महत्त्वाची परीक्षा चीनमध्ये झाली. यांगत्से नदीच्या मुखाजवळ, च्यांग्सू प्रांतात चीदोंग नावाचा भाग आहे. तिथे यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं होतं. कारणं दोन : हिपॅटायटिस बी चा विषाणू, आणि दमट हवेत मक्याला लागणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष. थॉमस केन्सलर आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी २०० निरोगी लोकांवर चाचणी घेतली आणि त्यांतल्या एका गटाला दोन आठवडे रोज ब्रोकोलीच्या कोंबांचा काढा दिला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. काढा घेणारे आणि न घेणारे यांच्या सरासरीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणांचा लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्यांच्या शरीरात सल्फोराफेन जास्त शोषलं गेलं, त्यांच्या लघवीत त्या खुणा कमी होत्या. एकच काढा प्यायलेल्या माणसांत शोषणाचा फरक फार मोठा निघाला. पुढच्या खेपेला त्याच भागात सुमारे ३०० लोकांना १२ आठवडे अननसाच्या आणि लिंबाच्या रसात मिसळलेलं पेय दिलं. त्यात आधीच तयार झालेलं सल्फोराफेनही घातलं होतं. २०१४ मध्ये आलेला निकाल असा : प्रदूषित हवेतून शरीरात जाणाऱ्या बेंझिनचं विसर्जन ६१ टक्क्यांनी वाढलं, अ‍ॅक्रोलिनचं २३ टक्क्यांनी, आणि तो परिणाम पूर्ण १२ आठवडे टिकला. बेंझिन हे रक्ताच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, त्यामुळे हा निकाल खरोखर आशादायक आहे.

पण विष जास्त बाहेर पडलं म्हणजे कर्करोग कमी झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी हजारो माणसांना कित्येक वर्षं पाहावं लागतं आणि सल्फोराफेनची तशी चाचणी झालेली नाही. भाज्या खाणाऱ्या लोकांची नुसती निरीक्षणं केली तर चित्र संमिश्र दिसतं. शांघायमध्ये १८,००० हून अधिक पुरुषांच्या पाहणीत, ज्यांच्या लघवीत या भाज्यांची द्रव्यं सापडली त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. तो फायदा मुख्यतः अशा लोकांत दिसला ज्यांच्यात ही द्रव्यं लवकर बाहेर टाकणारी काही जनुकं जन्मतःच नसतात. इतर पाहण्यांत असा संबंध कुठे दिसला, कुठे दिसला नाही. शिवाय भाज्या भरपूर खाणारी माणसं सहसा विडी-तंबाखूही कमी ओढतात, ते वेगळं काढणं सोपं नसतं.

चीदोंगचीच आणखी एक हकिगत सांगायला हवी. १९८० च्या दशकानंतर तिथले लोक मक्याऐवजी भात खाऊ लागले. १९८९ मध्ये तिथल्या लोकांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या ठळक खुणा सापडत होत्या. २००९ पर्यंत त्या बहुतेकांत मोजता येण्याच्याही खाली गेल्या आणि यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू उतरले. हिपॅटायटिसची लस मिळालेली मुलं त्या वयाला पोहोचायच्याही आधी हे घडलं. ताटातलं धान्य बदलल्याने जे झालं ते कोणत्याही काढ्याने अजून दाखवलेलं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांना हीच बुरशी लागते. कुबट, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून टाकून देणं हा कर्करोगापासून बचावाचा ब्रोकोलीपेक्षा भक्कम उपाय आहे. तंबाखू सोडणं, हिपॅटायटिस बी ची लस आणि मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस, ही तर त्याहून मोठी कामं. ब्रोकोली त्यांच्या जोडीला जरूर असावी, त्यांच्या जागी नको.

आता तुमच्या स्वयंपाकाचा भाग. उकळत्या पाण्यात ब्रोकोली शिजवली तर दोन प्रकारे नुकसान होतं. ग्लुकोराफॅनिन पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. शिवाय उष्णतेने मायरोसिनेज मरतं. मग उरलेलं ग्लुकोराफॅनिन पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू थोडंफार फोडतात, पण ते प्रमाण कमी असतं आणि माणसागणिक फार बदलतं. चीनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ब्रोकोली अगदी बारीक चिरून दीड तास ठेवली आणि मग परतली. लगेच परतलेल्या भाजीपेक्षा तिच्यात २.८ पट सल्फोराफेन मिळालं. इतका वेळ थांबणं घरात जमत नाही, अर्धा तास पुरे. एकदा तयार झालेलं सल्फोराफेन विकरापेक्षा उष्णता जास्त सोसतं, म्हणून आधी थांबायचं आणि मग चुलीवर चढवायचं.

वाफवण्यातही एक बारकावा आहे. ब्रोकोलीत आणखी एक प्रथिन असतं जे या क्रियेला आडवाट दाखवतं आणि सल्फोराफेनऐवजी निरुपयोगी नायट्राइल बनवतं. हे प्रथिन ६० अंशांच्या आसपास नष्ट होतं, मायरोसिनेज त्या तापमानाला तग धरतं. त्यामुळे झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढलेली, हिरवीगार आणि दाताखाली करकरीत राहिलेली ब्रोकोली कधी कधी कच्चीपेक्षाही सरस ठरते. काळपट हिरवी आणि मऊ होईपर्यंत शिजवली की विकर गेलंच.

आणि इथे मोहरी पुन्हा येते. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाने १२ जणांना एकदा नुसती शिजवलेली २०० ग्रॅम ब्रोकोली दिली आणि दुसऱ्या वेळी तीच १ ग्रॅम तपकिरी मोहरीची पूड घालून दिली. मोहरी घातली तेव्हा शरीरात शोषलं गेलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं. ब्रोकोलीचं विकर शिजून मेलेलं होतं, मोहरीच्या विकराने त्याचं काम केलं. ही तपकिरी मोहरी म्हणजे आपण वापरतो त्याच जातीची. मात्र फोडणीत तडतडलेली मोहरी इथे उपयोगाची नाही, गरम तेलात तिचं विकर राहत नाही. कच्ची मोहरी दळून, भाजी उतरवून किंचित निवल्यावर वरून चिमूटभर घालावी. मोहरी नको असेल तर कच्च्या मुळ्याचा थोडा कीस चालतो. गोठवलेल्या ब्रोकोलीवर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हाच उपाय यशस्वी ठरला. गोठवण्याआधी कंपन्या भाजी गरम पाण्यातून काढतात, त्यात तिचं विकर मरतं, आणि मुळा ते परत पुरवतो. गोठवलेली ब्रोकोली आणत असाल तर एवढं नक्की करा.

कोबी-फ्लॉवर-मुळ्याबद्दल : ग्लुकोराफॅनिन भरपूर असतं ते ब्रोकोलीतच. कोबीत मुख्यतः सिनिग्रिन आणि ग्लुकोब्रॅसिसिन असतं. दुसऱ्यापासून इंडोल-३-कार्बिनॉल बनतं आणि तेही कर्करोग संशोधनात गेली अनेक वर्षं तपासलं जात आहे. मुळ्यात, डिंगऱ्यांत आणि अळिवात याच घराण्यातली दुसरी द्रव्यं असतात. त्यांच्यावर अभ्यास कमी झाला आहे, ती कमी प्रतीची ठरली आहेत असं नव्हे. बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीची पचडी आणि किसलेल्या मुळ्याची कोशिंबीर यांत विकर जिवंत असतं, द्रव्य ताजं तयार होतं, आणि या भाज्या ब्रोकोलीच्या मानाने किती तरी स्वस्त आहेत. ब्रोकोली परवडत नाही म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये.

तुमच्या मावशींनी ब्रोकोली आवडीने खावी. ती खाल्ल्याने आजार परत येत नाही, असं मात्र कुणीही दाखवलेलं नाही. म्हणून तपासण्यांच्या तारखा आणि डॉक्टरांची औषधं यांत तिच्या भरवशावर तसूभरही ढिलाई होऊ देऊ नका.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने ब्रोकोलीच्या अर्काच्या गोळ्या पाठवल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगानंतर माझं टॅमॉक्सिफेन चालू आहे. घेऊ का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय एकही घेऊ नका. आधी बाटलीवर नेमकं काय लिहिलं आहे ते पाहा. या कुळातल्या भाज्यांच्या नावावर डीआयएम नावाच्या द्रव्याच्या गोळ्याही विकल्या जातात. ते कोबी-ब्रोकोलीतल्या इंडोल-३-कार्बिनॉलपासून पोटात बनणारं द्रव्य आहे. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना या गोळ्या देऊन अमेरिकेत चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१७ मध्ये आला. त्यात टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणारं एंडॉक्सिफेन रक्तात कमी झालेलं आढळलं. टॅमॉक्सिफेनचा गुण मोठ्या अंशी या एंडॉक्सिफेनवर अवलंबून असतो. इतकी वर्षं नेमाने घेतलेल्या औषधाची धार एका पूरक गोळीने बोथट व्हावी, हा धोका पत्करण्याचं काहीच कारण नाही.

शुद्ध सल्फोराफेनच्या गोळ्यांबद्दलही मी सावधच राहीन. ज्या एनआरएफ-२ मुळे निरोगी पेशीला संरक्षण मिळतं, तेच काही फुप्फुसाच्या गाठींत कायमचं चालू राहिलेलं असतं आणि त्याच्या जोरावर गाठ औषधांना दाद देत नाही. म्हणून केमोथेरपी किंवा किरणोपचार चालू असताना अशी काही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. बीटा-कॅरोटीनचं उदाहरण फार जुनं नाही. गाजर आणि हिरव्या भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेतली, काहींना बीटा-कॅरोटीनची गोळी दिली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी याच कारणाने १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. भाजीत चांगलं दिसलेलं द्रव्य गोळीत भरून जास्त दिलं की तसंच वागेल, असं धरून चालता येत नाही. मुलाने काळजीने पाठवलं आहे, त्याला हे सविस्तर सांगा. ताटातली भाजी मात्र बिनधास्त खा.

प्रश्न : मला थायरॉइडचा त्रास आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली सगळं बंद कर असं शेजारच्या काकू सांगतात. खरंच बंद करावं का?
(एक वाचक, अकोला)

उत्तर : काकूंच्या सांगण्याला इतिहास आहे. १९२८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच, जिथे पुढे ब्रोकोलीतलं सल्फोराफेन ओळखलं गेलं, संशोधकांनी सशांना महिनोन् महिने प्रामुख्याने कोबीवर ठेवलं आणि त्यांचे गळे सुजले, म्हणजे गलगंड झाला. या कुळातल्या काही भाज्यांतली द्रव्यं थायरॉइड ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत. पण आपण सशांसारखं दिवसभर कोबी खात नाही आणि आपल्या मिठात आयोडीन असतं. चीदोंगच्या ज्या १२ आठवड्यांच्या चाचणीचा उल्लेख वर केला, त्यातल्या लोकांच्या थायरॉइडच्या पातळ्याही नंतर तपासल्या गेल्या. रोज ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय घेऊनही त्यांत बिघाड आढळला नाही. शिजवलेली भाजी आठवड्यातून दोन-तीनदा खायला हरकत नसते. रोज कच्च्या कोबीचा किंवा ब्रोकोलीचा पेलाभर रस पिणं टाळा, आणि मीठ आयोडीनयुक्त आहे ना ते बघा.

एक सूचना इथेच देतो, कारण ती विचारली जात नाही. रक्त पातळ राहावं म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ब्रोकोली आणि हिरव्या पालेभाज्या एकदम वाढवू किंवा एकदम बंद करू नयेत. त्यांतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम बदलतो. जेवढी रोज खाता तेवढीच खात राहा.

प्रश्न : कोंबांत जास्त असतं तर मटकीसारखे ब्रोकोलीच्या बियांना मोड आणून खावे का? आणि मोहरीचे कोंब चालतील?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मोहरीच्या कोंबांतून सल्फोराफेन मिळणार नाही, त्यांत सिनिग्रिनच असतं. ब्रोकोलीचे कोंब उपयोगाचे आहेत. जपानमध्ये पोटात एच. पायलोरी हा जंतू असलेल्या ४८ जणांवर चाचणी झाली. त्यांतल्या अर्ध्या लोकांनी आठ आठवडे रोज ७० ग्रॅम ब्रोकोलीचे कोंब खाल्ले आणि त्यांच्यातल्या जंतूच्या आणि जठराच्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. कोंब थांबवल्यावर दोन महिन्यांत त्या परत पहिल्यासारख्या झाल्या, म्हणजे जंतू गेला नव्हता, दबला होता.

अडचण कच्चेपणाची आहे. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल रोगजंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय जिवाणूच्या घातक प्रकाराची साथ पसरली. हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. आपण मटकीची उसळ शिजवतो, म्हणून निभावतं. ब्रोकोलीचे कोंब कच्चेच खायचे असतील तर खास मोडांसाठी विकलेलं बी घ्या. पेरणीच्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते मुळीच नको. भांडी उकळून घ्या, दिवसातून दोन-तीनदा धुवा आणि तयार कोंब फ्रिजमध्ये ठेवा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांना कच्चे मोड देऊ नका.

प्रश्न : शेवग्यातही असंच द्रव्य असतं असं वाचलं. शेवगा आणि कोबी यांचा काय संबंध?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दूरचं नातं आहे. कुळं वेगळी, पण वनस्पतिशास्त्र शेवगा, पपई आणि मोहरी यांना एकाच गणात घालतं, आणि तिघांकडेही मायरोसिनेज व त्याने फुटणारी द्रव्यं आहेत. पपईची बी चावली की मोहरीसारखी तिखट लागते, ती याचमुळे. शेवग्यापासून मोरिंजिन नावाचं द्रव्य बनतं आणि त्यावर पेशींमध्ये आणि प्राण्यांमध्ये प्रयोग चालू आहेत. शेवग्याची मुळं ठेचली की तिखट वास येतो आणि इंग्रजांच्या काळात ती तोंडी लावणं म्हणून वापरलीही जात. मुळांत विषारी अंश असतो, ती खाऊ नका. पाला आणि शेंगा नेहमीसारख्या खा. पाल्याची भाजी करताना तो चिरून दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग परतायला काहीच हरकत नाही.